सायरन वाजत होता का?

परवा सकाळची गोष्ट. नातीला शाळेत सोडायला गेले होते. ती आता सातवीत आहे, त्यामुळे "सोडायला" हा शब्द तिला आवडत नाही. "आजी, तू आपली माझ्याबरोबर फिरायला ये," असे ती म्हणते. असो. शाळेच्या फाटकासमोरच रस्ता ओलांडावा लागतो. तिथे ताशी ३० ची पाटी आहे आणि पाटीच्या अलीकडे एक गतिरोधक आहे, तो आता झिजून नुसता पांढरा पट्टा उरला आहे. आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या होतो, एवढ्यात एक पोलीस जीप भर्रकन समोरून गेली. सायरन नाही, दिवा नाही. एका लहान मुलाने पाऊल पुढे टाकले होते, त्याच्या आईने त्याला दप्तराला धरून मागे ओढले. त्या ओढाताणीत डबा खाली पडून उघडला आणि पोहे रस्त्यावर सांडले. बाकी काहीच झाले नाही. जीप वळणाआड गेली.

शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "पोलिसांना कोण विचारणार?" एक बाई म्हणाल्या, "काहीतरी घाईचं काम असेल हो त्यांना." आणि नात माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, पोलिसांना स्पीड लिमिट नसते का?"

छत्तीस वर्षे शिकवले. पण प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसले की "उद्या बघून सांगते" म्हणायची लाज मी कधी बाळगली नाही. तिलाही तेच सांगितले. मग घरी येऊन बघायला लागले, दोन-चार जणांना विचारले, आणि त्यातून जे मनात आले ते आज लिहिते आहे.

आधी एक कबुली दिली पाहिजे, म्हणजे मी पोलिसांच्या विरोधात लिहिते आहे असे कुणाला वाटायला नको.

१९९४ सालचा पावसाळा. आम्ही तेव्हा एका आडगावी राहत होतो. रात्री दीडच्या सुमारास ह्यांच्या छातीत दुखू लागले, घामाने अंगरखा भिजला. गावात डॉक्टर नव्हता, रुग्णवाहिका नव्हती, कुणाकडे चारचाकी नव्हती. शेजारचा मुलगा सायकल घेऊन पळाला तो फाट्यावर गस्तीची पोलीस जीप उभी होती तिथे. पाच मिनिटांत जीप दारात. तालुक्याचे हॉस्पिटल चोवीस किलोमीटर. त्या चालकाने कोणती वेगमर्यादा पाळली असेल असे मला वाटत नाही, आणि त्या रात्री ती पाळावी असे कुणी म्हटले असते तर मी त्याच्याशी भांडले असते.

पण त्या प्रवासातली एक गोष्ट मी विसरलेली नाही. मोकळ्या रस्त्यावर तो माणूस गाडी पळवत होता, पण वाटेत एखादे गाव आले, पूल आला, वळण आले की पाय काढून गाडी हळू करत होता. एवढ्या रात्री रस्त्यावर चिटपाखरू नव्हते, तरीही. मी मागे ह्यांचे डोके मांडीवर घेऊन बसले होते. तिसऱ्यांदा गाडी हळू झाली तेव्हा मी अक्षरशः ओरडले, "अहो, थांबताय काय!" तो मागे न बघता म्हणाला, "बाई, पोचलं पाहिजे ना."

आम्ही पोचलो. हे त्यानंतर अकरा वर्षे जगले. चोवीस किलोमीटर ताशी ६० ने गेलो असतो तर चोवीस मिनिटे लागली असती, ८० ने गेलो असू तर अठरा. म्हणजे सहा मिनिटे वाचली. त्या सहा मिनिटांनीच हे वाचले की तशीही वाचले असते, हे मला कधी कळणार नाही. पण त्या सहा मिनिटांसाठी मी त्या चालकाची जन्मभर ऋणी आहे. तेव्हा "पोलिसांनाही सगळ्यांसारखीच मर्यादा, एक किलोमीटरही जास्त नको" असे म्हणण्याचा अधिकार मला नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. मी काही वकील नाही, पण मोटार वाहन कायदा १९८८ वाचायला वकील असण्याची गरज नाही. त्याच्या ११२ व्या कलमात वेगमर्यादेची तरतूद आहे. ते कलम कुणाला सूट देते? लष्कराच्या गाड्यांना. तीही सरसकट नाही. लष्करी कवायती चालू असतील तेव्हा, आणि ठरवून दिलेल्या क्षेत्रात, ठरवून दिलेल्या काळापुरतीच. बघा हं, देशाच्या सैन्यालाही कायद्याने "तुम्ही सैनिक आहात, जा हवे तसे" असे म्हटलेले नाही. जागा आणि वेळ आखून दिली आहे. आणि पोलिसांचे त्या कलमात नावच नाही.

पोलिसांना जी मोकळीक आहे ती २०१७ च्या वाहन चालवण्याच्या विनियमांत आहे. अग्निशामक दलाची गाडी, रुग्णवाहिका आणि मग पोलिसांची गाडी, असा वाट देण्याचा क्रम तिथे लावला आहे. आणीबाणीच्या कामावर असताना, कुणाचा जीव वाचवायचा असेल किंवा पळणाऱ्या गुन्हेगाराचा पाठलाग करायचा असेल, तर या गाड्यांच्या चालकांना लाल दिवा ओलांडता येतो, वेगमर्यादा मोडता येते. पण स्वतःच्या जबाबदारीवर आणि पुरेशी काळजी घेऊन. सायरन आणि लुकलुकणारा दिवा ही त्या कामाची खूण. २०१९ च्या दुरुस्तीने तर अशा गाडीला वाट न देणाऱ्या तुम्हा-आम्हाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली आहे. योग्यच आहे. सायरन ऐकून बाजूला न होणाऱ्यांचा मलाही संताप येतो.

त्याच २०१९ च्या दुरुस्तीत आणखी एक कलम आले, २१० ब. या कायद्याची अंमलबजावणी करण्याचा अधिकार ज्यांना आहे त्यांनीच तो मोडला, तर त्यांना त्या गुन्ह्याचा दुप्पट दंड. दुप्पट! हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. म्हणजे आपल्याकडे समज असा की खाकी वर्दीला सूट आहे, आणि कायद्याचे म्हणणे असे की काम नसताना नियम मोडलात तर इतरांपेक्षा जास्त द्या.

तेव्हा नातीच्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर सोपे निघाले. सूट गाडीवरच्या रंगाला नाही, अंगावरच्या वर्दीलाही नाही. सूट त्या वेळच्या कामाला आहे. काम संपले की सूट संपली.

पण कायद्यात लिहिले म्हणजे रस्त्यावर उतरले असे थोडेच असते? म्हणून मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला विचारले. तो पोलीस खात्यात चालक आहे. दिवाळीत आणि गुरुपौर्णिमेला न चुकता येतो, वाकून नमस्कार करतो आणि मग तासभर बसतो. दहावीला गणितात कसाबसा सुटला होता, पण गाडीबद्दल त्याच्याइतके नेमके बोलणारा माणूस मी पाहिला नाही.

मी त्याला सकाळची जीप सांगितली. वाटले होते, बाजू घेईल. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "बाई, एक सांगू? गाडी ड्रायव्हर पळवत नाही. मागचा माणूस पळवतो."

मग त्याने मला एक गोष्ट सांगितली. अशी गोष्ट घडल्याचे त्याने मला त्या वेळी कळवलेही नव्हते. दहा-बारा वर्षांपूर्वी तो दुसऱ्या एका जिल्ह्यात एका साहेबांच्या गाडीवर होता. साहेबांना मीटिंगला पोचायचे होते आणि बंगल्यातून निघतानाच उशीर झाला होता. चोरी नाही, दंगल नाही, अपघात नाही. मीटिंग. साहेब मागून दर पाच मिनिटांनी म्हणत होते, "दाब जरा." एका गावातून जाताना दुधाच्या किटल्या लावलेला एक सायकलवाला बोळातून बाहेर आला. याने ब्रेक मारला, गाडी सरकली, सायकलवाला पडला. मांडीचे हाड मोडले.

"मग?" मी विचारले.

"मग काय बाई, स्टेअरिंग माझ्या हातात होतं ना."

गुन्हा चालकावर दाखल झाला. खात्याची चौकशी चालकाची झाली. वेतनवाढ चालकाची रोखली गेली. साहेबांची यथावकाश बदली झाली, बढतीवर. कोर्टात पाच वर्षे तारखा चालल्या आणि शेवटी हा सुटला. सायकलवाल्याचा पाय वाकडाच राहिला. याने दोन वेळा त्याच्या घरी जाऊन यायचा प्रयत्न केला. पहिल्या वेळी त्यांनी दार उघडले नाही. दुसऱ्या वेळी चहा दिला, पण कुणी काही बोलले नाही. "तो चहा गिळवला नाही बाई," एवढेच तो म्हणाला.

मी विचारले, "तू साहेबांना नाही म्हणाला नाहीस?"

तो हसला. "काय म्हणणार? पोलिसाच्या गाडीला लिमिट असतं असं साहेबांना मी सांगू?"

त्या वाक्यापाशी माझे मत पक्के झाले. तोपर्यंत मी या प्रश्नाकडे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेने पाहत होते. पोलिसांना सूट द्यावी की नाही, म्हणजे त्यांचा फायदा आणि आपला तोटा, असा तो हिशेब होता. पण सूट सरसकट दिली, किंवा सूट आहे असे सगळ्यांनी मानून चालले, तर त्याचा पहिला बळी कोण? जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलेला शिपाई. मर्यादा असेल तर त्याला म्हणता येते, "साहेब, परवानगी नाही." मर्यादाच नसेल तर त्याच्या हातात नकाराचे एकही कारण उरत नाही, फक्त स्टेअरिंग उरते.

गंमत म्हणजे (खरे तर गंमत कसली!) कायद्याला हेही सुचलेले आहे. तेच ११२ वे कलम म्हणते की मर्यादेपेक्षा जास्त वेगाने कुणी गाडी चालवू नये, किंवा चालवायला लावू नये, किंवा चालवू देऊ नये. आणि दंडाचे १८३ वे कलमही आपल्या हाताखालच्या माणसाला तसे चालवायला लावणाऱ्याला धरते. म्हणजे "दाब जरा" म्हणणारा कागदावर तरी सुटलेला नाही. विद्यार्थ्याला हे सांगितले तेव्हा त्याने ते मला दोनदा वाचून दाखवायला लावले.

आता दुसरी बाजू. माझे एक स्नेही आहेत, निवृत्त तहसीलदार. त्यांचे म्हणणे असे, "बाई, तुम्ही शाळेच्या घंटेवर जगलात. चोर पुढे १२० ने पळतोय आणि पोलीस मागे पाटी वाचत बसणार का? बाईवर घरात हल्ला झालाय, तिने फोन केलाय, तिथे पोलिसांनी ५० नेच जायचं का?" हे म्हणणे खोटे नाही. त्या बाईच्या जागी मी माझी मुलगी बसवून बघते आणि मला पटते. म्हणूनच मी सूट मुळीच नको म्हणत नाही. पण त्यांच्या उदाहरणात चोर आहे, फोन आहे, संकट आहे. मीटिंग नाही. दुकान बंद होण्याआधी गाठायचे नाही. साहेबांच्या मुलाची परीक्षा नाही. संकटातल्या बाईचे नाव घेऊन सूट मागायची आणि ती मीटिंगसाठी वापरायची, हा त्या बाईवरही अन्यायच आहे. कारण लोकांचा सायरनवरचा विश्वास उडतो, आणि खरोखर संकटाची गाडी येते तेव्हा कुणी बाजूला होत नाही.

शिवाय वेगाचे गणित वर्दी बघत नाही. मी मराठीची शिक्षिका, पण पाचवी ते सातवीला काळ-काम-वेगही शिकवला आहे. ताशी ४० ने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. समोर मूल दिसले, पाय ब्रेकवर जायला एक सेकंद गेला, मग कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण ९ मीटर. एकूण २०. ताशी ८० ला काय होते? पुष्कळ जण म्हणतील दुप्पट, ४०. नाही. पहिल्या सेकंदाचे २२ होतात हे खरे, पण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ९ चे ३६. एकूण ५८ मीटर. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब असते. ४० ची गाडी मैदानाच्या आत थांबते, ८० ची गाडी दोन मैदाने ओलांडून जाते. चालक कितीही कसलेला असला तरी पहिल्या सेकंदात त्याला थोडेफारच वाचवता येते, बाकीचे टायर आणि रस्ता ठरवतात. आणि शाळेपासून पोलीस ठाण्यापर्यंतच्या दोन किलोमीटरमध्ये ४० ऐवजी ८० ने जाऊन वाचते किती? दीड मिनिट!

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे गेली, असे केंद्र सरकारच्याच अहवालात आहे. त्यातले दहातले सात मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर मांडलेले आहेत. यात पोलिसांच्या गाड्यांचा वाटा फार असेल असे मी म्हणत नाही. पण रस्त्यावर वेगाची शिस्त लावणारा हात ज्यांचा, त्यांच्याकडेच बघून लोक शिस्त शिकतात किंवा सोडतात. वर्गात मुलांना "गप्प बसा" सांगून आम्ही शिक्षक व्हरांड्यात मोठ्याने गप्पा मारत असू, तेव्हा वर्ग कधीच गप्प बसला नाही. हा माझा स्वतःचा अनुभव आहे, आणि त्यात चूक मुलांची नव्हती.

ही सवय फक्त पोलिसांची आहे असेही नाही. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले, पण डोक्यातले दिवे उतरले का? खाजगी गाडीच्या काचेमागे "पोलीस" अशी पाटी ठेवून फिरणारे आपण रोज बघतो. कुणाचा मेव्हणा खात्यात असतो, कुणाचा नुसता ओळखीचा. आपल्याला सूट नको असते, आपल्याला सूट असलेल्यांपैकी एक व्हायचे असते. माझा स्वतःचा मुलगा पुण्याहून येताना "आज दोन तासांत आलो" हे अभिमानाने सांगतो. खंबाटकी घाट उतरून तो दारात पोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो, हे मी त्याला किती वेळा सांगितले असेल!

मग करावे काय? मला सुचते ते अगदी साधे आहे. सायरन आणि दिवा चालू असेल तरच सूट. ते बंद, तर गाडी तुमच्या-माझ्यासारखी. सायरन लावला तर तो का लावला हे परतल्यावर गाडीच्या लॉगबुकात एका ओळीत लिहायचे आणि ती ओळ वरिष्ठांनी तपासायची, जशी मुख्याध्यापक आमची टाचणवही तपासत. कॅमेऱ्याने पोलीस गाडीचे ई-चलान काढले तर ते लॉगबुकाशी ताडून बघायचे. ओळ असेल तर माफ. नसेल तर २१० ब प्रमाणे दुप्पट, आणि मागे साहेब बसले असतील तर ते साहेबांनी भरायचे. शेवटचे हे कलम सुरू केले तर मला वाटते बाकीची फारशी लागणारच नाहीत.

आणि आणीबाणीतही गाव आले, शाळा आली, की पाय काढायचा. हे मी कायद्याच्या पुस्तकात शिकले नाही. १९९४ च्या त्या रात्री शिकले. माझा नवरा मागे तळमळत असताना, मी ओरडत असताना, तो माणूस प्रत्येक वेशीपाशी गाडी हळू करत होता. त्याला सूट होती, कारण होते, रस्ता मोकळा होता. तरी दर वेळी त्याने ती सूट थोडी परत केली. त्याचे नावही मी विचारले नाही, ही रुखरुख मला आजही आहे.

संध्याकाळी नातीला बसवून हे सगळे सांगितले. मुलांना थोडक्यात सांगावे लागते. ती म्हणाली, "म्हणजे आजी, सायरन वाजत असेल तर चालेल आणि नसेल तर चूक."

मी म्हटले, "साधारण तसंच."

"मग सकाळी वाजत नव्हता."

"नव्हता."

"मग तू तक्रार केलीस का?"

याचे उत्तर मात्र मला "उद्या सांगते" म्हणून टाळता आले नाही. गाडीचा नंबर मी बघितलाच नव्हता. माझ्याबरोबर उभ्या असलेल्या त्या पाच-सहा जणांपैकी कुणी बघितला असेल असे वाटत नाही. आम्ही सगळे सांडलेल्या पोह्यांकडे बघत होतो. उद्यापासून मी फिरायला जाताना पर्समध्ये छोटी वही आणि पेन्सिल ठेवणार आहे. सायरन नसलेली गाडी पुन्हा तशी गेली तर नंबर आणि वेळ लिहून ठाण्यात साधा अर्ज देईन. आत बसलेल्या चालकाला त्रास व्हावा म्हणून मुळीच नाही. पुढच्या वेळी मागून कुणी "दाब जरा" म्हटले, तर "साहेब, त्या शाळेपाशी एक म्हातारी बाई वही घेऊन उभी असते" एवढे तरी त्याला सांगता यावे म्हणून.